म्हाळात थांबलेला माल

टीव्हीत मुंग्या दिसायच्या, हे आता कुणाला सांगून पटत नाही. आणीबाणी उठून गेली होती, त्या सुमाराची गोष्ट. साताऱ्यात उंच लोखंडी खांब उभा करून त्यावर ॲन्टेना चढवला की पुण्याचं चित्र कसंबसं धरता यायचं. जरा वारा सुटला की चित्र गेलंच. सांगलीला, विट्याला तर तेवढंही नव्हतं. तरी तिकडं टीव्ही होते बरं का! विट्याकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात, लांबलांबच्या शहरांत दुकानं थाटून बसलेली. गावी येताना ती टीव्ही घेऊन यायची. चार पायांचा, लाकडी दारांचा, वर क्रोशाचा रुमाल घातलेला. आल्यागेल्याला दार सरकवून दाखवायचं, खटका दाबायचा आणि सगळ्यांनी मिळून पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्या मुंग्या बघायच्या. "लय भारी हाय," म्हणून पाहुणे चहा पिऊन उठायचे.

त्या मुंग्या बघून आमच्या ह्यांच्या डोक्यात खूळ शिरलं.

हे फौजेत सिग्नलला होते. बिनतारी यंत्रं दुरुस्त करण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली. मग नोकरी सोडून आले आणि साताऱ्यात पोवई नाक्याच्या खालच्या अंगाला एक गाळा घेऊन रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. मागं दोन खोल्यांत आमचा संसार. सासरे सुभेदार होऊन निवृत्त झालेले, गावाकडं उसाला पाणी पाजत होते, आणि मुलानं वर्दी आपणहून उतरवली म्हणून त्यांचा जीव कडू झाला होता. दुकान तसं बरं चालायचं, पण ह्यांचं मन रमत नव्हतं. एकदा जेवताना म्हणाले, "सगळा जन्म दुसऱ्यानं केलेलं नीट करण्यात गेला. माझ्या हातचं म्हणून एक तरी यंत्र कुणाच्या घरात असावं."

मी म्हटलं, "माझ्या हातची भाकरी आहे की ताटात, ती खा आधी."

हसले. पण मी ओळखलं, आता हे स्वस्थ बसायचे नाहीत. मोठा कारखानदार व्हावं, मोटार घ्यावी, असलं काही त्यांच्या मनात नव्हतं. हे ह्यांनी केलंय, असं चार घरांत कुणी म्हणावं, एवढीच हौस. पण ही हौस त्यांना फार महागात पडली, आणि त्यांच्याबरोबर मलाही.

तर ह्यांनी करायला घेतलेला खेळ असा होता. टीव्हीला जोडायचा एक डबा. जोडला की मुंग्या जाऊन पडदा काळाभोर व्हायचा. मधे तुटक रेघ, दोन्ही कडांना एकेक उभी पट्टी आणि एक चौकोनी चेंडू. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी म्हटलं, "हा कसला मेला चेंडू, ही तर वडी!" दोघांनी एकेक बटण फिरवायचं, की पट्टी वरखाली सरकायची आणि चेंडू परतवायचा. टुक् टुक् आवाज. ह्या सगळ्याचा जीव एका काळ्या आयसीत असायचा. दोन्ही बाजूंना पायच पाय, म्हणून आम्ही त्याला झुरळ म्हणायचो. झुरळं मुंबईहून यायची, कुठल्या वाटेनं ते आम्ही विचारत नव्हतो. बाकीचं सगळं घरात. तपकिरी औषधात पत्रा बुडवून त्यावर तांब्याच्या रेघा उठवायच्या. त्या औषधानं माझ्या दोन साड्या खाल्ल्या. सोल्डरिंग मी शिकले. लाकडी डबे शेजारचा सुतार करून द्यायचा, वर सनमायका. फौजेतून सुटताना हाती आलं होतं ते सगळं ह्यात गेलं.

एक गोष्ट मात्र माझी. माझं माहेर सांगलीचं, हळदीच्या पेठेला अगदी लागून. तिथं हळद बाजारात असते तशी हवेतही असते. माठात, अभ्र्यात, पोरांच्या नाकात. वडिलांच्या रेडिओची बटणं सारखी खरखरायची. मी ह्यांना म्हटलं, "अहो, ह्या फटीतून हळद शिरणार बघा." मग ह्यांनी फौजेतलं जुनं ब्लँकेट काढलं, त्याच्या चकत्या कापल्या आणि प्रत्येक बटणाच्या बुडाशी एक एक घट्ट बसवली. ब्लँकेट चांगलं उबदार होतं, पण म्हटलं जाऊ दे.

मामंजी एकदा गावाहून आले, तेव्हा त्यांना खेळ दाखवला. बराच वेळ हाताची घडी घालून बघत उभे.

"आनि ह्यातनं काय हुतंय?"

"करमणूक, आबा," हे म्हणाले.

"व्हय? आमच्या टायमाला करमणूक म्हंजी कुस्ती. हितं नुस्तं कान पिळायचं काम हाय." पण मग बसले की खेळायला! माझ्याबरोबर खेळले, हरले आणि बटणातच खोट आहे म्हणाले. जाताना दारात ह्यांना एवढंच बोलले, "खपला तर बरं रं. न्हाईतर पाण्याच्या पाळ्या हायतीच." म्हणजे गावाकडं येऊन उसाला पाणी पाज.

त्या वर्षी गणपतीत माझ्या माहेरच्या गल्लीतल्या मंडळानं आमचा खेळ मांडवात ठेवायला जागा दिली. आमचा जुना टीव्ही टेंपोत घालून आम्ही सांगलीला नेला. काय सांगू ती गर्दी! आरतीला माणसं कमी आणि खेळाला जास्त. हळदीच्या अडतीवरचे हमाल, गुळाच्या सौद्यातली माणसं, नऊवारीतल्या म्हाताऱ्या, सगळे रांगेत. गुळाचे चिकट हात, हळदीचे पिवळे हात, सगळे त्याच दोन बटणांवर. दहा दिवसांत बटण एकदाही अडकलं नाही. ह्यांचा चेहरा तेव्हा मी बघितला तसा आमच्या लग्नातही नव्हता. डब्याकडं कुणाचं लक्षही नव्हतं, सगळे पडद्याकडं बघत होते, आणि हे त्या बघणाऱ्यांच्या तोंडाकडं.

तिथंच पेठेतले एक बडे व्यापारी आले. रेडिओ, पंखे, मिक्सर सगळं विकायचे आणि सांगलीपासून विट्यापर्यंत दुकानदारांना माल पुरवायचे. ते म्हणाले, "मेजर, जेवढं डबं हुतील तेवढं मी घेतो. दुसऱ्या कुणाकडं जाऊ नका. पर आता चतुर्दशी झाली की म्हाळ लागतोय. म्हाळात नवा माल दुकानात घ्यायचा न्हाई, आमच्यात चालत न्हाई. दसऱ्याला घिऊन या, मुहूर्तावर उतरवून घेतो."

आमच्याकडं पितरांच्या पंधरवड्याला म्हाळ म्हणतात. त्या दिवसांत नवं लुगडं घ्यायचं नाही, नवं भांडं घरात आणायचं नाही, कुठल्याही कामाचा नारळ फोडायचा नाही. ह्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मामंजींना विचारलं तर ते म्हणाले, "मुहूर्ताबिगर माल हलवू नगं. एवडं थांबलास, आनि थोडं थांब." आणि हे थांबले. खोलीत भिंतीला लावून डब्यांची रास छतापर्यंत गेलेली. आम्ही रोज त्यांच्यावरची धूळ पुसत होतो आणि दसऱ्याची वाट बघत होतो.

सासूबाई सवाष्ण गेलेल्या, म्हणून त्यांचं पान नवमीला. आम्ही गावी गेलो. भोपळ्याची भाजी, गवार, वडे, खीर सगळं केलं, पान पत्र्यावर ठेवलं आणि सगळे अंगणात माना वर करून कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळा काही शिवेना. मामंजी म्हणाले, "तिचा जीव कशात तरी आडाकलाय." मग ह्यांनी हात जोडून मनातल्या मनात काहीतरी कबूल केलं आणि कावळा आला. काय कबूल केलं ते मी कधी विचारलं नाही. पण बहुतेक त्याच दिवसांत, आम्ही इकडं कावळ्याकडं बघत असताना, तिकडं सांगलीच्या पेठेत एक माणूस स्कूटरला खोकी बांधून दुकानादुकानांतून फिरत होता.

दसऱ्याला आम्ही भाड्याचा टेंपो केला. पुढं झेंडूचं तोरण, मागं डबे, वरून ताडपत्री. मी इरकल नेसले होते. कराड गेलं, इस्लामपूर गेलं. खड्डा आला की हे मागं वळून बघायचे.

दुकानाला तोरण होतं. आत गेलो. काचेच्या कपाटात केशरी प्लास्टिकचे डबे मांडलेले, चकचकीत, वर इंग्रजी अक्षरं. बाजूला टीव्ही चालू. त्यावर दोन पट्ट्या आणि तोच चौकोनी चेंडू. टुक् टुक्. आवाजसुद्धा तोच!

"या ताई, या. सोनं घ्या," म्हणून व्यापाऱ्यांनी माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली. ह्यांच्याही हातावर ठेवली. हे पानं हातात घेऊन तसेच उभे.

"हे कधी आलं?" ह्यांनी विचारलं.

"आवं, म्हाळात. मुंबईच्या कंपनीचा हाय. त्यांचा माणूस आला हुता. मी म्हटलं, बाबा, म्हाळ चालूय, मी काय विकत घेत न्हाई. तर म्हणतोय कसा, विकत घ्या म्हणतंय कोण? नुस्तं ठिवून घ्या. म्हाळात घ्यायला मनाई हाय, ठिवून घ्यायला कुठं हाय? दसरा झाल्यावर बघू म्हणाला. मग मीबी ठिवलं. गिऱ्हाईकंबी तसंच घरी घिऊन गेली, घेतलं म्हणायचं न्हाई, ठिवलंय म्हणायचं. पोरास्नी चटक लागली. आज सकाळपासनं एकेक जण पैसं भरून जातोय."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "शेठ, दसऱ्याला आणा असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

"म्हणालो की ताई. म्हणून तर तोंड वर करून बोलत न्हाई तुमच्याशी. पर खरं सांगू का, तुमी जर म्हणाला असता, शेठ, नुस्तं ठिवून घ्या, तर तुमचंबी ठिवलं असतं मी!"

खरं तेच बोलत होते, म्हणून जास्त राग आला. तो कंपनीचा माणूस काही मुंबईचा नव्हता. नंतर कळलं, कराडकडचा होता. परका असता तर म्हाळ म्हणजे काय हेही त्याला कळलं नसतं. आपल्यातलाच होता म्हणून त्याला पळवाट सापडली. आम्ही दोघं मात्र पितरांचा मान राखून बसलो! दसऱ्याला लोक एकमेकांच्या हातावर पानं ठेवतात, आमच्या तोंडाला पुसली. चहा आला होता, तो मी घेतला नाही. ह्यांनी घेतला, कप खाली ठेवला आणि "येतो" म्हणाले. डबे टेंपोतून उतरलेसुद्धा नाहीत.

मग दिवाळीत विट्याला गेलो. म्हटलं, मुंग्यांचे टीव्ही ज्यांच्या घरी, त्यांच्या दारात सरळ जावं, मधे व्यापारी नकोच. सोनं गाळणारी माणसं दिवाळीला घरी आलेली. एका घरात चांगलं बसवून घेतलं, चकल्या दिल्या. ह्यांनी डबा पिशवीतून काढला, तसा त्या घरच्या बाईनं कौतुकानं आपला डबा आणून दाखवला. परदेशी होता, मद्रासेकडून आणलेला. त्यात चेंडू होता, बंदूक होती आणि आणखी काय काय.

"तुमच्यात बंदूक हाय का?" बाईनं विचारलं.

"नाही," हे म्हणाले.

"मंग आसूं द्या," असं ती इतक्या मायेनं म्हणाली, की मी उरलेली चकली ताटलीत परत ठेवली. दुसऱ्या घरी केशरी डबा होता. तिसऱ्या घरी आम्ही गेलोच नाही.

हिवाळाभर डबे खोलीत. त्यांच्यामुळं उजेड यायचा नाही, म्हणून मी दिवसाही दिवा लावून स्वयंपाक करायची. ह्यांची चिडचिड झाली असती तर बरं झालं असतं. ते चिडत नव्हते. आलेले रेडिओ उघडायचे, नीट करायचे, बंद करायचे. मामंजी एकदा आले, रास बघितली आणि एक शब्द न बोलता पाणी पिऊन गेले. एरवी मला त्यांच्या बोलण्याचा राग यायचा, त्या दिवशी न बोलण्याचा आला.

शिमग्याच्या आधी तो कराडकडचा माणूस आमच्या दुकानात आला. सफारी, पॉलिश केलेले बूट, वर हसू. मी आतून ऐकत होते. त्यांचे डबे बंद पडायला लागले होते. बटणं खरखरत होती, पट्टी आपोआप थरथरायची, मग मधेच गोठून बसायची. हळद, दुसरं काय! वर विजेचा दाब कमीजास्त झाला की त्यांचं झुरळही जळायचं. गिऱ्हाईकं व्यापाऱ्याला शिव्या घालत होती आणि व्यापारी ह्याला. "साहेब, ह्या दोन जिल्ह्यांत हे काम कळणारे तुम्हीच एक," तो म्हणाला. "आमचं दुरुस्तीचं सगळं काम तुम्ही घ्या. बाहेर आमच्या कंपनीची पाटी लावू. विकायलाही चार डबे ठेवतो तुमच्याकडं."

तो गेल्यावर मी कडाडले. "त्या मेल्याला परत पायरी चढू द्यायची नाही! ज्यानं आपल्या ताटात माती कालवली, त्याची खरकटी काढायची?"

"मग काय करू?" हे म्हणाले. "पाण्याच्या पाळ्या?"

दुसऱ्या आठवड्यात पाटी लागली.

केशरी डबे येऊ लागले. ह्यांनी पहिला उघडला, तेव्हा मला हाक मारली. आत आमच्यासारखंच सगळं होतं. तेच झुरळ, तशाच रेघा. फक्त ब्लँकेटची चकती तेवढी नव्हती. हे एका रेघेवरून नख फिरवत म्हणाले, "चांगलं काम आहे." असं बोलायची काय गरज होती, देव जाणे.

जळलेल्या झुरळाच्या जागी नवं घालायचं, तर मुंबईहून येता येत नव्हतं. कंपनी म्हणायची, पाठवतो. गिऱ्हाईक रोज येऊन बसायचं. मग एके दिवशी हे खोलीत गेले, राशीतला वरचा डबा काढला, उघडला आणि त्यातलं झुरळ सोडवून केशरी डब्यात घातलं. बटणाखालची चकतीही तीच लावली. केशरी डबा टुक् टुक् करायला लागला. मी दारात उभी राहून बघत होते. असे मग एकामागून एक; पुढं बटणं, ट्रान्सफॉर्मर, लागेल ते सगळंच त्यातून काढत गेले. त्यांचा एक जगायचा तेव्हा आमचा एक मरायचा. रिकामा डबा पुन्हा स्क्रू लावून जिथल्या तिथं ठेवायचे, का कोण जाणे. मी म्हटलं, "चुलीला तरी द्या." तर म्हणाले, "राहू दे गं, खातायत का काही?" बाहेरून बघणाऱ्याला रास तेवढीच दिसायची. उचललं की कळायचं.

पावसाळा सरता सरता एक माणूस आला. शिराळ्याचा. अंगावर साधा सदरा, पण उभं राहण्यावरून फौजी ओळखू येत होता. सुट्टीवर आलेला.

"ते टीव्हीचा खेळ करणारं सिग्नलवालं तुमीच काय?" त्यानं विचारलं. "गेल्या साली सांगलीत गणपतीला बघितला. गर्दीत डबा काय दिसला न्हाई, पडद्यावरचं तेवडं दिसलं. मंडळाची पोरं म्हणाली, साताऱ्याचा एक फौजी सोताच्या हातानं करतोय. तवाच ठरीवलं, घ्यायचा तर आपल्यातल्या मानसाच्या हातचा. इचारत इचारत आलोय."

वर्षभरात आमच्या खेळाला आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक. माझ्या हातातला चहाचा कप मी तसाच धरून उभी राहिले. हे उठले, आत गेले, राशीला हात लावला. एक डबा उचलला, खाली ठेवला. दुसरा उचलला. सगळे हलके. शेवटचं झुरळ कुणाच्या डब्यात गेलं होतं ते मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. तरी ते अगदी खालचा डबा निघेपर्यंत शोधत राहिले.

मग बाहेर आले. फळीवर कंपनीनं विकायला ठेवलेला एक नवा केशरी डबा होता, तो काढला, फडक्यानं पुसला. बटणं उघडून दोन्हीखाली ब्लँकेटच्या चकत्या बसवल्या. टीव्हीला लावून दाखवला. त्या माणसानं चेंडू दोनतीनदा परतवला आणि लहान पोरासारखा हसला. पैसे देऊन, डबा पिशवीत घालून तो उठला, आणि उंबऱ्यात थांबून म्हणाला, "ह्यो तुमीच केलाय न्हवं? घरी सांगाय बरं."

मला वाटलं, आता हे खरं सांगणार. आमच्या संसारात मी त्यांना खोटं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"व्हय," हे म्हणाले. "मीच केलाय."

तो माणूस उतारानं खाली गेला, वळणाआड झाला, तरी हे दारात उभे होते. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी पाठ करून कप विसळत होते. हे आत आले आणि माझ्या मागं उभे राहून हळूच म्हणाले, "शिराळ्याला गेला बघ एक."

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?